गृहोपयोगी शास्त्र : वडिलोपार्जित शस्त्रांवरील गंज

आश्विन शुद्ध नवमीस खंडेनवमी म्हणतात व त्या दिवशीं आपल्या घरांतून शस्त्रपूजन होतें, हें वाचकांस सांगावयास नको. पूर्वीं जेथें तलवार, कट्यार अथवा बंदूक पाटावर मांडली जात असे, तेथें आतां बहुधा विळी, अडकित्ता, सुताराचीं हत्यारें किंवा मुलांचीं पुस्तकें पूजेस बसतात. तरी अजूनहि कांहीं कुटुंबांत आजोबा-पणजोबांच्या हातचें एखादें शस्त्र जपून ठेविलेलें असतें, आणि वर्षांतून एकदां तें पेटींतून बाहेर निघतें. तें निघालें म्हणजे त्यावर चढलेला गंज दिसतो, आणि मग घरांतील प्रत्येकजण आपापला उपाय सुचवूं लागतो.

अशाच एका घरांतील भगिनीनें अंधेरीहून आम्हांस पत्र लिहिलें आहे. त्याचा आशय असा : सासऱ्यांची दुनळी बंदूक कोंकणांतील घरून आणिली, परवाना थोरल्या दिरांच्या नांवें रीतसर झाला, परंतु दोन पावसाळ्यांत नळीवर तांबूस डाग पडले. चिरंजीव म्हणतात, कांचकागदानें घांसूं. सासूबाई म्हणतात, चिंच लावा, पितळ निघतें तसें लोखंडहि निघेल. शेजारचे गृहस्थ म्हणतात, बाजारांत गंज खाणारें पाणी मिळतें तें आणा. यांपैकीं कोणाचें ऐकावें?

कोणाचेंच ऐकूं नये, असें आमचें उत्तर आहे. परंतु नुसत्या उत्तरानें भागणार नाहीं. कारण ज्या नियमाचें कारण ठाऊक नाहीं तो नियम पहिल्याच अडचणींत मोडला जातो. सबब अगोदर कारण सांगतों, मग कृति.

लोखंड, हवेंतील प्राणवायु आणि पाणी हीं तिन्हीं एकत्र आलीं म्हणजे जें लालसर, भुसभुशीत द्रव्य उत्पन्न होतें तोच गंज होय. संस्कृतांत लोखंडाच्या मळास किट्ट म्हणतात, आणि वैद्यकांतील मंडूर हें त्याच कुळांतलें. येथें पाणी म्हणजे वरून ओतलेलें पाणीच असें नव्हे. हवेंतील बाफहि त्यास पुरते. हवेची आर्द्रता सुमारें साठ टक्क्यांच्या वर गेली कीं गंजाचा वेग झपाट्यानें वाढतो, आणि अंधेरीस आषाढ-श्रावणांत ती ऐंशी टक्क्यांच्याहि वर असते. शेजारच्या सांताक्रुझ वेधशाळेंत दरसाल सरासरीनें २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला जातो, हें लक्षांत घेतलें म्हणजे घरांतील हवेची कल्पना येईल. त्यांत पश्चिमेस वर्सोव्याचा समुद्र. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात, ते धातूवर बसून ओल धरून ठेवितात आणि गंजाचें काम दुप्पट सोपें करितात. हाताच्या घामांतहि मीठ असतेंच; म्हणून पुष्कळ वेळां डागाचा आकार पाहिला तर तो कोणाच्या तरी बोटांचा ठसा असल्याचें दिसून येतें.

आणखी एक गोष्ट. तांब्यावर जो हिरवट थर चढतो तो खालच्या तांब्यास पुष्कळ अंशीं झांकून धरतो. गंज तसें करीत नाहीं. ज्या लोखंडापासून तो झाला त्याहून तो कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तो फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खालीं नवें लोखंड उघडें पडतें. म्हणून "वरवरचा आहे, पुढच्या वर्षीं पाहूं" असें म्हणून चालत नाहीं. आज जें वस्त्रानें पुसून निघेल त्याची पुढच्या वर्षीं खळगी झालेली असते, आणि खळगी कोणासहि पुसतां येत नाहीं.

आतां दुसरी बाजू. बंदुकीच्या नळीवर जो निळा-काळा ओप दिसतो तो कांहीं दरवाजास लावतों तसा रंग नव्हे. तो लोखंडाच्याच पृष्ठभागाचा, प्राणवायूशीं संयोग होऊन बनलेला काळा थर असतो आणि त्याची जाडी केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनहि कमी असते. जुने कारागीर हा ओप आणण्यासाठीं नळीवर मुद्दाम गंज चढवीत. मग ती नळी उकळत्या पाण्यांत घालीत, त्यायोगें लाल गंज काळा होई. सुटी भुकटी बारीक तारेच्या ब्रशानें झाडून टाकीत आणि हाच क्रम पुनःपुन्हां करून थर घट्ट करीत. म्हणजे ओप हा गंजाचाच, पण शिस्तींत वाढलेला भाऊ होय.

हें एकदां समजलें म्हणजे चिंचेचा प्रश्न आपोआप सुटतो. चिंच, लिंबू, आमसूल, शिर्का यांत आम्लें असतात, आणि बाजारांतील "गंज खाणाऱ्या पाण्यांत" बहुधा फॉस्फोरिक आम्ल असतें. आम्ल गंज खातें हें खरें. परंतु तें ह्या दोन भावांत भेद करीत नाहीं. लाल डाग जाईल, आणि त्याबरोबर त्याच्या चारी बाजूंचा ओपहि जाऊन पांढुरकें, उघडें लोखंड दिसूं लागेल. तें उघडें लोखंड पुढील पावसाळ्यांत पूर्वींपेक्षां लवकर गंजेल. पितळेच्या समईस असा ओप नसतो, म्हणून तेथें चिंच चालते. सासूबाईंचा अनुभव खोटा नाहीं, त्याचें क्षेत्र वेगळें आहे इतकेंच. कांचकागद तर आम्लाहूनहि वाईट. तो ओपाबरोबर धातूहि खरवडतो. राख, विटेची पूड, हिरवी घांसणी आणि भांड्यांची पोलादी तारेची घांसणी यांसहि हाच न्याय लावावा.

लोखंडावरील थराचें महत्त्व पाहावयाचें असेल तर दिल्लीस कुतुबमिनाराजवळ उभा असलेला लोहस्तंभ पाहावा. तो सुमारें १६०० वर्षांचा आहे. कानपूरच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम् यांनीं त्याचा पुष्कळ वर्षें अभ्यास केला; त्या लोखंडांत स्फुराचें म्हणजे फॉस्फरसचें प्रमाण अधिक असल्यामुळें त्यावर एक घट्ट, संरक्षक थर बनला आणि त्यानेंच आंतील लोखंड राखिलें, असें त्यांनीं दाखविलें आहे. परंतु प्रवासी लोक स्तंभास पाठ टेकून त्यास कवेंत घेऊं पाहात, आणि त्या पट्ट्यांतील थर झिजून लोखंड चकाकूं लागलें. शेवटीं १९९७ सालीं त्याभोंवतीं कुंपण घालावें लागलें. सोळा शतकांचा पाऊस जें करूं शकला नाहीं तें प्रेमानें केलेल्या स्पर्शानें होऊं लागलें होतें. आपल्या घरच्या शस्त्रांचें बहुतेक नुकसान अशाच प्रेमानें होतें.

आतां कृतीकडे वळूं; पण हात लावण्यापूर्वीं दोन गोष्टी. पहिली कायद्याची. १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें बंदूक ज्याच्या नांवें परवाना आहे त्यानेंच बाळगावयाची असते. तेव्हां सफाईहि त्यानें स्वतः किंवा त्याच्या समक्ष व्हावी. चिरंजीवांस हौस असली तरी काकांनीं शेजारीं बसलें पाहिजे. मुंबईंत परवान्याचा अधिकार पोलीस-आयुक्तांकडे असतो. २०१६ च्या नियमांप्रमाणें परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसास परवाना मागतां येतो. इतकेंच नव्हे, तर परवानाधारकाचें वय ७० झाल्यावर अथवा शस्त्र बाळगून २५ वर्षें झाल्यावर त्याच्या हयातींतहि तो वारसाच्या नांवें मागतां येतो. ज्या घरीं बंदूक वृद्ध काकांच्या नांवें आहे त्यांनीं हा विचार वेळींच करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोहोंपेक्षां अधिक बंदुका बाळगतां येत नाहींत, आणि ही मर्यादा वारशानें आलेल्या बंदुकांसहि लागू आहे.

दुसरी गोष्ट जिवाची. "ही रिकामीच आहे" या वाक्यानें जगांत जितके जीव घेतले तितके भरलेल्या बंदुकीनें घेतले नसतील. दुनळी प्रथम मोडून, म्हणजे उघडून, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड पाहावा. काडतुसें त्या खोलींतच ठेवूं नयेत. मुलांस दूर बसवावें. आणि रिकामी असल्याची खात्री झाल्यावरहि तोंड कोणाकडे करूं नये. ठासणीची बंदूक असेल तर अधिक सावध राहावें, कारण तिच्यांतून आरपार दिसत नाहीं आणि पणजोबांनीं ठासलेली दारू आजहि पेट घेऊं शकते. तिची परीक्षा अशी : बंदुकीच्या तोंडापासून बाजूस राहून एक लांकडी काठी नळींत हलकेच तळापर्यंत सोडावी, तोंडाशीं खूण करावी, मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून तिचें टोंक कानापर्यंत पोंचतें कीं नाहीं तें पाहावें. टोंक कानाच्या बरेंच अलीकडे राहिलें तर आंत कांहीं तरी आहे असें समजावें आणि तेथेंच थांबावें. तें काढण्याची खटपट घरीं करूं नये. परवाना असलेल्या बंदूक-दुरुस्तकारास दाखवावें.

इतकें झालें म्हणजे साहित्य जमवावें : जुन्या धोतराचे मऊ, धुतलेले तुकडे, शिवणयंत्राचें पातळ खनिज तेल, दांत घांसण्याचा मऊ जुना ब्रश, बांबूची काडी, आणि एक तांब्याचा जुना पैसा. खोबरेल, तिळेल, जवस ह्या तेलांचा मोह टाळावा. वनस्पतींचीं तेलें कालांतरानें खवट होतात व त्यांत आम्लें सुटतात. जवसाचें तर वाळून चिकट पापुद्रा होतो, आणि खटक्याच्या जागीं तो बसला म्हणजे यंत्र अडतें. जवसाचें तेल लांकडी दस्त्यास उत्तम, लोखंडास नव्हे. रॉकेल मळ सोडवितें, परंतु मागें संरक्षण ठेवीत नाहीं, आणि दिव्याजवळ तें धोक्याचें आहे.

पहिल्या दिवशीं एवढेंच करावें कीं वस्त्रानें धूळ पुसून डागांवर तेल लावून रात्रभर तसेंच राहूं द्यावें. तेल गंजाच्या छिद्रांत शिरतें आणि त्याची पकड सैल करितें. दुसऱ्या दिवशीं मऊ वस्त्रानें पुसावें. वस्त्र तांबडें होईल. पुन्हां तेल, पुन्हां एक रात्र, पुन्हां पुसणें. नव्या डागांपैकीं पुष्कळसे एवढ्यानेंच निघतात. त्यांत श्रम नाहींत, धीर मात्र लागतो, आणि तो ह्या कामांतील सर्वांत दुर्मिळ जिन्नस आहे.

जे डाग उरतील त्यांस तांब्याचा पैसा. तांबें पोलादाहून मऊ असल्यामुळें पैशाची कड गंजाचा भुसभुशीत खपला उचलते, पण खालच्या पोलादास चरा पाडीत नाहीं. डागावर तेल असूं द्यावें, पैसा आडवा धरावा आणि दाब न देतां हलकेच पुढें सारावा. १९४३ ते १९४७ या काळांतला भोंकाचा पैसा ज्यांच्या डब्यांत असेल त्यांनीं तोहि घेण्यास हरकत नाहीं. तो कांशाच्या जातीच्या मिश्रधातूचा असून पोलादाहून मऊच आहे. आजचीं बरींचशीं नाणीं मात्र पोलादाचीं असतात, तीं वापरूं नयेत. तांब्याची लालसर रेघ उमटली तर तेलाच्या वस्त्रानें ती लगेच पुसून काढावी. कोपऱ्यांत व खांचांत पैसा पोंचत नाहीं, तेथें बांबूची काडी.

याउपर कांहीं राहिलें तरच अत्यंत बारीक स्टील-वूल घ्यावें. त्यावर चार शून्यें छापलेलीं असतात. दोन किंवा तीन शून्यांचें नको. तें तेलांत भिजवून, आधीं दस्त्याखालीं झांकल्या जाणाऱ्या भागावर लावून पाहावें, मग डागावर लांबीच्या दिशेनें अगदीं हलक्या हातानें फिरवावें. दर दहा हातांनंतर पुसून उजेडांत पाहावें. वस्त्रावर तांबडा रंग येत आहे तोंवर गंज निघतो आहे. काळा-निळसर रंग येऊं लागला कीं ओप निघूं लागला. तेथें तत्क्षणीं थांबावें. सोन्याचांदीचें काम किंवा निकेलचा मुलामा असेल त्या जागीं स्टील-वूल मुळींच लावूं नये. तेथें तेल आणि वस्त्र एवढेंच.

शेवटीं सर्व तेल पुसून, कोरडें करून, अगदीं पातळ नवा हात द्यावा. नळीवर बोट ओढलें असतां रेघ दिसावी, थेंब दिसूं नये. जास्त तेल ओघळून दस्त्याच्या लांकडांत मुरतें आणि लांकूड कुजून मऊ पडतें. म्हणून तेल दिल्यावर पहिले एक-दोन दिवस बंदूक तोंड खालीं करून उभी ठेवावी. नळीच्या आंत खळग्या असतील तर तें काम कारागिराचें. घरीं करूं नये.

कोंकणांत शेतीच्या संरक्षणासाठीं ज्यांच्याकडे ठासणीची बंदूक आहे त्यांस एक स्वतंत्र सूचना. काळ्या दारूच्या राखेंत जे क्षार उरतात ते हवेंतील ओल ओढून घेतात, आणि ते तेलांत विरघळत नाहींत. तेव्हां बार काढल्यावर नळी प्रथम गरम पाण्यानें धुवावी, पूर्ण कोरडी करावी, मग तेल द्यावें. राखेवरच तेल दिलें तर तें गंजास पांघरूण घालण्यासारखें होतें.

तलवारी-कट्यारींसंबंधीं नियम तेच, पण जपणूक अधिक. जुन्या जौहरदार पोलादावर लाटांसारखी नक्षी असते; ती केवळ पृष्ठभागावर दिसते आणि एकदां कांचकागद फिरला कीं नाहींशी होते. कोफ्तगारींत सोन्याची तार खरखरीत केलेल्या पोलादावर ठोकून बसविलेली असते; ती घांसली कीं सुटते. आणि सर्वांत मोठें नुकसान अक्षरांचें. २०२५ सालीं महाराष्ट्र सरकारनें लंडनच्या लिलावांतून नागपूरकर भोंसल्यांच्या घराण्यांतील पहिल्या रघूजींची तलवार विकत घेतली आणि ती त्याच वर्षीं ऑगस्टांत मुंबईस आली. ती कोणाची हें सांगणारीं देवनागरी अक्षरें पात्याच्या पाठीवर सोन्यानें लिहिलेलीं आहेत. त्यांत रघूजींचें नांव आहे आणि सेनासाहेब सुभा हा त्यांचा किताब आहे. मधल्या अडीचशे वर्षांत एखाद्या उत्साही गृहस्थानें ती दसऱ्यापूर्वीं चकचकीत करावयाचें मनांत आणिलें असतें, तर तिची ओळख त्या दिवशींच पुसली गेली असती. आपल्या घरच्या शस्त्रावर राजाचें नांव नसेल. पण कारागिराचा ठसा, कारखान्याचा अंक, पणजोबांच्या नांवाचीं अद्याक्षरें असतील. त्या बंदुकीचें मोल चकाकींत नाहीं, ह्या खुणांत आहे. परवान्याच्या कागदावरील अंकहि त्याच खुणेशीं जुळावा लागतो. सबब गंजाखालीं अक्षर आहे अशी शंका आली कीं हात आंखडता घ्यावा.

गंज निघाला, आतां तो परत येऊं नये. शस्त्र चामड्याच्या म्यानांत किंवा लोंकरीच्या गवसणींत वर्षभर ठेवणें हें गंजास आमंत्रण होय. चामडें व लोंकर ओल धरितात, आणि चामडें कमावतांना वापरलेलीं द्रव्येंहि धातूस बाधतात. म्यान निराळें, पातें निराळें ठेवावें. पात्यास कोरडें सुती वस्त्र. कुलपाच्या कपाटांत औषधांच्या बाटल्यांतून निघतात तशा सिलिका जेलच्या पुड्या मोठ्या मापानें ठेवाव्या व ओल्या झाल्या कीं वाळवून घ्याव्या. मृगाच्या आधीं एकदां, पावसाळ्यांत दर पंधरा दिवसांनीं व हस्त संपल्यावर एकदां शस्त्र पाहून तेलाचा हात द्यावा. निवडणुकीच्या दिवसांत परवान्याच्या बंदुका ठाण्यावर जमा करण्याचा हुकूम निघतो. परत आणल्या दिवशींच त्या पुसून तेलवाव्या.

हा विचार नवा नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत आयुधागाराच्या अध्यक्षाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. त्यांत शस्त्रांची जागा वारंवार बदलावी, त्यांस ऊन व वारा द्यावा, आणि उष्णता, ओल किंवा किडे यांनीं बिघडूं लागलेलीं शस्त्रें निराळ्या रीतीनें ठेवावीं, असा स्पष्ट आदेश आहे. राजाच्या शस्त्रागारास जें लागू तें आपल्या कपाटास कां लागू नसावें?

शेवटची सूचना पूजेची. ती आमच्या वाचक-भगिनींनीं विशेष ध्यानांत घ्यावी. खंडेनवमीस आपण शस्त्रावर पाणी शिंपडतों, ओलें गंध, हळदकुंकू लावितों, झेंडूचीं फुलें वाहतों, आणि दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत सर्व तसेंच राहूं देतों. नंतर दिसणारे गोल डाग बहुधा ह्या ओल्या फुलांखालचे असतात. शस्त्राजवळ एक सुपारी मांडून पाणी, गंध व फूल तिला वाहावें. शस्त्रावर कोरड्या अक्षता वाहाव्या. आणि उत्तरपूजा होतांच तेलाच्या वस्त्रानें पुसून शस्त्र आंत ठेवावें. ह्यानें पूजेंत न्यून येत नाहीं. ज्याची पूजा करितों त्याचें रक्षण करणें हा पूजेचाच भाग आहे.

अंधेरीच्या भगिनीस आमचें सांगणें इतकेंच कीं, चिंच स्वयंपाकघरांत राहूं द्यावी, कांचकागद सुतारास द्यावा, आणि थोरल्या दिरांनीं चिरंजीवांस शेजारीं बसवून तेलाची बाटली व तांब्याचा पैसा घेऊन आठवडाभर रोज अर्धा तास द्यावा. कांहीं काळे ठिपके शेवटीं राहतील. ते राहूं द्यावे. काळा, घट्ट, कोरडा ठिपका अपाय करीत नाहीं. मुलानें मात्र त्या आठवड्यांत आजोबांची बंदूक कोठें घडली, तिच्यावर कोणती खूण आहे आणि ती आजोबांनीं कशासाठीं बाळगिली होती, हें काकांस विचारून वहींत उतरून ठेवावें. कारण तें ठाऊक असणारीं माणसेंहि घरांत फार दिवस राहात नाहींत.